दळणवळण आणि कला-संस्कृतीविषयक संसदीय स्थायी समित्या (भारत)

भारताच्या संसदेत दळणवळण, प्रसारण व माहिती तंत्रज्ञान या विषयांवर एक आणि कला, साहित्य, पुरातत्त्व व संस्कृती या विषयांवर दुसरी, अशा दोन स्वतंत्र समित्या देखरेख ठेवतात. पहिली दळणवळण व माहिती तंत्रज्ञान स्थायी समिती होय. ती लोकसभेच्या अध्यक्षांच्या अखत्यारीत येते. दुसरी परिवहन, पर्यटन व संस्कृती स्थायी समिती असून ती राज्यसभेच्या सभापतींच्या अखत्यारीत काम करते. दोन्ही समित्या ‘विभागांशी संबंधित स्थायी समित्या’ या १९९३ साली सुरू झालेल्या व्यवस्थेचा भाग आहेत. दोन्हींत लोकसभा व राज्यसभा या दोन्ही सभागृहांचे सदस्य असतात.

या समित्या मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या तपासतात, विधेयकांची छाननी करतात, अधिकाऱ्यांच्या साक्षी घेतात आणि संसदेला अहवाल सादर करतात. त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. मात्र प्रत्येक शिफारशीवर आपण काय केले, हे सरकारला लेखी कळवावे लागते. अहवाल सर्वांसाठी खुले असल्यामुळे एरवी सचिवालयाच्या फायलींत राहणारी बरीच माहिती या समित्यांमुळे नागरिकांपर्यंत पोहोचते.

संकल्पना आणि पार्श्वभूमी

संसदीय शासनपद्धतीत मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते. ही जबाबदारी प्रत्यक्षात पार पाडली जाते की नाही, हे पाहण्यासाठी प्रश्नोत्तरे, चर्चा आणि ठराव ही साधने सभागृहाजवळ असतात. तथापि शेकडो सदस्यांच्या सभागृहात एखाद्या खात्याच्या खर्चाचा बारकाईने विचार करणे शक्य नसते. म्हणून मोजक्या सदस्यांच्या समितीकडे हे काम सोपवण्याची पद्धत रूढ झाली.

भारतात लोकलेखा समिती १९२१ पासून अस्तित्वात आहे. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये अंदाज समिती आणि १९६४ मध्ये सार्वजनिक उपक्रम समिती स्थापन झाली. या तिन्ही समित्या सरकारच्या आर्थिक व्यवहारांकडे पाहतात; विशिष्ट मंत्रालयाच्या धोरणाचा वर्षानुवर्षे मागोवा घेणे हे त्यांचे काम नव्हे. ती उणीव भरून काढण्यासाठी १९८९ मध्ये कृषी, विज्ञान व तंत्रज्ञान आणि पर्यावरण व वने या तीन विषयांच्या समित्या प्रयोगादाखल नेमण्यात आल्या. त्या अनुभवाच्या आधारे ८ एप्रिल १९९३ पासून सतरा समित्यांची नवी व्यवस्था अमलात आली. त्या वेळी लोकसभेच्या अध्यक्षपदी मराठवाड्यातील लातूर मतदारसंघाचे खासदार शिवराज पाटील होते. समितीपद्धतीच्या या विस्ताराचा त्यांच्या अध्यक्षपदाच्या कारकिर्दीतील महत्त्वाची घटना म्हणून उल्लेख केला जातो. जुलै २००४ मध्ये समित्यांची संख्या चोवीस करण्यात आली. त्यांपैकी सोळा समित्या लोकसभेच्या आणि आठ राज्यसभेच्या अखत्यारीत आहेत.

अन्य देशांत या विषयांची वाटणी निराळी आढळते. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये खातेनिहाय समित्या १९७९ मध्ये सुरू झाल्या. तेथे संस्कृती, प्रसारमाध्यमे आणि क्रीडा हे विषय एकाच समितीकडे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटमध्ये पर्यावरण, दळणवळण, माहिती तंत्रज्ञान आणि कला हे चारही विषय काही काळ एकाच समितीकडे होते. भारतात माध्यमे व कला यांची दोन समित्यांत विभागणी झाली, कारण येथे समित्यांची रचना मंत्रालयांच्या रचनेला अनुसरून आहे. माहिती व प्रसारण मंत्रालय आणि संस्कृती मंत्रालय वेगळी असल्याने त्यांच्यावरील देखरेखही वेगळी झाली.

रचना

प्रत्येक समितीत जास्तीत जास्त ३१ सदस्य असतात. त्यांपैकी २१ लोकसभेचे व १० राज्यसभेचे असतात. २००४ पूर्वी ही संख्या ४५ होती. लोकसभेच्या सदस्यांची नेमणूक लोकसभेचे अध्यक्ष आणि राज्यसभेच्या सदस्यांची नेमणूक राज्यसभेचे सभापती करतात. राजकीय पक्षांना सभागृहातील त्यांच्या संख्याबळाच्या प्रमाणात स्थान मिळते. समितीची मुदत एक वर्षाची असते व त्यानंतर तिची पुनर्रचना होते.

मंत्र्याला समितीचे सदस्य होता येत नाही. समितीवर असलेला खासदार मंत्री झाल्यास त्याचे सदस्यत्व संपते. ज्याच्या खात्याची तपासणी करायची त्यानेच तपासणीस बसू नये, हे या नियमामागचे तत्त्व आहे. अध्यक्षपद सत्ताधारी तसेच विरोधी अशा दोन्ही बाजूंच्या सदस्यांकडे जाऊ शकते. बैठकीच्या गणपूर्तीसाठी एकूण सदस्यांपैकी एक तृतीयांश सदस्यांची उपस्थिती आवश्यक असते. निर्णय बहुमताने होतात आणि समसमान मते पडल्यास समितीच्या अध्यक्षांना निर्णायक मत असते. अहवालातील मत मान्य नसलेल्या सदस्याला भिन्नमतपत्रिका जोडता येते.

दळणवळण व माहिती तंत्रज्ञान स्थायी समिती

या समितीच्या कक्षेत तीन मंत्रालये येतात. दळणवळण मंत्रालयाचे टपाल विभाग आणि दूरसंचार विभाग, इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, आणि माहिती व प्रसारण मंत्रालय ही ती मंत्रालये होत. खेड्यातील शाखा टपाल कार्यालयापासून समाजमाध्यमांच्या नियमनापर्यंत आणि आकाशवाणी केंद्रापासून चित्रपटांच्या प्रमाणनापर्यंतचे विषय त्यामुळे तिच्यासमोर येतात. ही समिती पूर्वी ‘माहिती तंत्रज्ञान स्थायी समिती’ या नावाने ओळखली जात असे.

तेराव्या लोकसभेच्या काळात सोमनाथ चॅटर्जी हे या समितीचे अध्यक्ष होते. त्यानंतरच्या अध्यक्षांमध्ये अनुराग ठाकूर (सोळावी लोकसभा) आणि शशी थरूर (२०१९–२०२२) यांचा समावेश होतो. २०२२ मध्ये बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव यांची अध्यक्षपदी नेमणूक झाली. जून २०२४ मध्ये ते केंद्रीय राज्यमंत्री झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये अठराव्या लोकसभेच्या समित्या स्थापन झाल्या, तेव्हा निशिकांत दुबे यांच्याकडे हे पद आले.

सार्वजनिक प्रसारणाच्या बाबतीत एक तरतूद लक्षणीय आहे. आकाशवाणी व दूरदर्शन यांना स्वायत्तता देणाऱ्या प्रसार भारती अधिनियम, १९९० या कायद्यात या संस्थेवर देखरेख ठेवण्यासाठी बावीस खासदारांची स्वतंत्र समिती असावी, असे नमूद आहे. त्यांत लोकसभेचे पंधरा व राज्यसभेचे सात सदस्य अपेक्षित आहेत. प्रसार भारती २३ नोव्हेंबर १९९७ रोजी अस्तित्वात आली. तिच्या अनुदानाची नियमित छाननी मात्र माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या मागण्यांबरोबर ही स्थायी समितीच करते.

परिवहन, पर्यटन व संस्कृती स्थायी समिती

या समितीकडे नागरी विमान वाहतूक, रस्ते वाहतूक व महामार्ग, बंदरे, नौवहन व जलमार्ग, पर्यटन आणि संस्कृती अशी पाच मंत्रालये आहेत. महामार्ग, विमानतळ यांसारख्या मोठ्या खर्चाच्या विषयांच्या पंक्तीत संस्कृती हा तुलनेने लहान तरतुदीचा विषय तिच्यासमोर येतो. सीताराम येचुरी, डेरेक ओब्रायन, टी. जी. वेंकटेश आणि व्ही. विजयसाई रेड्डी हे या समितीच्या माजी अध्यक्षांपैकी होत. २०२४ मध्ये संजय कुमार झा यांची अध्यक्षपदी नेमणूक झाली.

संस्कृती मंत्रालयामार्फत या समितीच्या कक्षेत येणाऱ्या संस्थांची व्याप्ती मोठी आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण (स्थापना १८६१), साहित्य अकादमी, संगीत नाटक अकादमी, ललित कला अकादमी, राष्ट्रीय नाट्य विद्यालय, राष्ट्रीय संग्रहालय, राष्ट्रीय अभिलेखागार आणि प्रादेशिक सांस्कृतिक केंद्रे यांचा त्यांत समावेश होतो. नागपूर येथील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आणि उदयपूर येथील पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र या दोन्हींत महाराष्ट्र सहभागी आहे.

कार्यपद्धती

नियमांनुसार या समित्यांची चार प्रमुख कामे आहेत: संबंधित मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्यांवर विचार करणे, सोपवलेली विधेयके तपासणे, वार्षिक अहवालांची छाननी करणे आणि सभागृहासमोर आलेल्या दीर्घकालीन धोरणविषयक दस्तऐवजांवर अहवाल देणे. मंत्रालयाच्या दैनंदिन कारभारात समितीने लक्ष घालू नये, असाही नियम आहे.

अनुदानाच्या मागण्या: फेब्रुवारी महिन्यात अर्थसंकल्प सादर झाल्यानंतर संसदेचे कामकाज काही आठवडे स्थगित होते. या अवधीत समित्या प्रत्येक मंत्रालयाच्या मागण्या तपासतात. मंत्रालयाचे सचिव समितीसमोर साक्ष देतात. मागील वर्षी किती रक्कम मंजूर झाली, सुधारित अंदाजात ती किती राहिली आणि प्रत्यक्ष किती खर्च झाली, असे प्रश्न विचारले जातात. समितीला स्वतः कपात सुचवता येत नाही. मात्र न खर्चलेला निधी, रिक्त पदे आणि रखडलेली कामे यांची नोंद अहवालात होते.

विधेयके: एखादे विधेयक सभागृहाचे पीठासीन अधिकारी समितीकडे पाठवू शकतात. त्यानंतर समिती तज्ज्ञ, संस्था व सामान्य नागरिक यांच्याकडून लेखी निवेदने मागवते आणि आवश्यक वाटल्यास त्यांना साक्षीसाठी बोलावते. विधेयक समितीकडे पाठवणे सक्तीचे नाही.

साक्षी व कागदपत्रे: समितीला व्यक्तींना बोलावण्याचा व कागदपत्रे मागवण्याचा अधिकार आहे. राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येईल या कारणास्तव सरकार एखादे कागदपत्र सादर करण्यास नकार देऊ शकते. बैठका बंद दाराआड होतात. सदस्यांना पक्षाच्या जाहीर भूमिकेपलीकडे जाऊन मोकळेपणाने बोलता यावे, हा त्यामागील हेतू सांगितला जातो. अहवाल सभागृहात सादर होईपर्यंत त्यातील मजकूर गोपनीय असतो.

कृती अहवाल: शिफारशींवर केलेल्या कार्यवाहीची माहिती सरकारने तीन महिन्यांत देणे अपेक्षित असते. त्या उत्तरांची छाननी करून समिती पुन्हा एक अहवाल तयार करते. सरकारने स्वीकारलेल्या शिफारशी, उत्तर पटल्यामुळे समितीने सोडून दिलेल्या शिफारशी, उत्तर न पटल्यामुळे पुन्हा केलेल्या शिफारशी आणि अंतिम उत्तर न आलेल्या शिफारशी अशी त्यात वर्गवारी असते. एखाद्या प्रश्नावर समिती आणि सरकार यांच्यात खरा मतभेद कोठे आहे, हे समजून घेण्यासाठी अभ्यासकांना या वर्गवारीचा मोठा उपयोग होतो. लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश ७३-अ नुसार संबंधित मंत्र्याला शिफारशींच्या अंमलबजावणीविषयी सहा महिन्यांतून एकदा सभागृहात निवेदनही करावे लागते.

उल्लेखनीय अहवाल

पैसे घेऊन छापलेल्या बातम्या (२०१३): २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर उमेदवारांच्या प्रचाराचा मजकूर बातमीच्या रूपात छापण्याच्या प्रकाराविषयी पत्रकार पी. साईनाथ यांनी लेखन केले. त्यामुळे हा विषय देशभर चर्चेत आला. माहिती तंत्रज्ञान समितीने मे २०१३ मध्ये या विषयावर अहवाल सादर केला. वाचकाची फसवणूक आणि निवडणूक खर्चाची लपवाछपवी अशा दोन्ही अंगांनी या प्रश्नाचा विचार करावा लागतो. मराठी पत्रसृष्टीशी निगडित प्रश्न राष्ट्रीय पातळीवरील संसदीय छाननीपर्यंत पोहोचल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

चलचित्र विधेयक (२०२०): चित्रपटांच्या अनधिकृत चित्रणास व प्रतींना आळा घालण्यासाठी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलेले विधेयक माहिती तंत्रज्ञान समितीकडे पाठवण्यात आले. मार्च २०२० मधील अहवालात समितीने शिक्षेची किमान मर्यादा निश्चित करण्याची आणि दंडाची रक्कम चित्रपटाच्या निर्मितीखर्चाच्या प्रमाणात ठेवण्याची सूचना केली. जुलै २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या विधेयकात किमान तीन महिन्यांचा कारावास, किमान तीन लाख रुपये दंड आणि लेखापरीक्षित निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत कमाल दंड अशी तरतूद झाली. समितीची सूचना कायद्यात कशी उतरते, हे येथे टप्प्याटप्प्याने पाहता येते.

इंटरनेट सेवा बंद ठेवणे (२०२१): डिसेंबर २०२१ मध्ये सादर झालेल्या अहवालात समितीने एक मूलभूत त्रुटी दाखवून दिली. देशात किती वेळा आणि कोठे इंटरनेट सेवा बंद करण्यात आली, याची एकत्रित नोंद दूरसंचार विभागाकडेही नव्हती आणि गृह मंत्रालयाकडेही नव्हती. अशा आदेशांची केंद्रीय नोंद ठेवावी आणि त्यांचा फेरविचार करणाऱ्या समित्यांत सरकारबाहेरील व्यक्तींनाही स्थान द्यावे, अशा शिफारशी करण्यात आल्या. त्याच महिन्यात प्रसारमाध्यमांतील नीतिमूल्यांविषयीचा अहवालही सादर झाला. वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी व डिजिटल माध्यमे या सर्वांसाठी वैधानिक अधिकार असलेली एक माध्यम परिषद असावी, हा विचार त्यात मांडला होता.

हरवलेली स्मारके (२०२२): नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात, पाहणी केलेल्या १,६५५ संरक्षित स्मारकांपैकी ९२ स्मारके सापडत नसल्याचे नोंदवले होते. परिवहन, पर्यटन व संस्कृती समितीने डिसेंबर २०२२ मध्ये या विषयावर अहवाल दिला. पुरातत्त्व सर्वेक्षणाने दरम्यानच्या काळात ९२ पैकी ४२ स्मारके शोधून काढली होती. उरलेल्या ५० पैकी १४ स्मारके शहरांच्या वाढीत नष्ट झाली होती, १२ धरणांच्या जलाशयांत बुडाली होती आणि २४ स्मारकांचा ठावठिकाणा लागत नव्हता. त्या वेळी देशात केंद्र संरक्षित स्मारकांची संख्या ३,६९३ होती. त्यांपैकी केवळ २४८ ठिकाणी सुरक्षारक्षक नेमलेले होते, हेही या अहवालामुळे लोकांसमोर आले. मार्च २०२४ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने अठरा स्मारके संरक्षित यादीतून वगळण्याची प्रक्रिया सुरू केली.

राष्ट्रीय अकादम्यांचे कामकाज (२०२३): जुलै २०२३ मध्ये सादर झालेला या समितीचा ३५१वा अहवाल विशेष वादग्रस्त ठरला. साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कन्नड विद्वान एम. एम. कलबुर्गी यांची ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाड येथे हत्या झाली. त्यानंतर निषेध म्हणून अनेक लेखकांनी अकादमीचे पुरस्कार परत केले. त्यांत भाषाभ्यासक गणेश देवी यांचाही समावेश होता. अशा प्रसंगांचा उल्लेख करून समितीने सुचवले की, पुरस्कार जाहीर करण्यापूर्वी संबंधिताची संमती घ्यावी आणि राजकीय कारणावरून तो पुढे परत करणार नाही, असे लिहून घ्यावे. समितीतील काही सदस्यांनी या शिफारशीला विरोध केला. पुरस्कार परत करणे हा निषेधाचा लोकशाहीसंमत मार्ग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुरस्कार ही लेखनाची पावती आहे की लेखकाच्या पुढील वर्तनावरील अट, असा प्रश्न या वादातून निर्माण झाला.

स्थानिक पातळीवरील परिणाम: पैठणचे उदाहरण

या समित्यांची विषयवाटणी एखाद्या गावाच्या सांस्कृतिक जीवनाला कशी लागू पडते, हे समजण्यासाठी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण या ऐतिहासिक नगराचे उदाहरण उपयुक्त ठरते. गोदावरीकाठचे हे गाव प्राचीन काळी प्रतिष्ठान या नावाने सातवाहनांची राजधानी होते. सोळाव्या शतकात संत एकनाथ येथे राहत होते. लोकसभेसाठी पैठण विधानसभा मतदारसंघ जालना लोकसभा मतदारसंघात मोडतो.

भाषा व साहित्य: महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशती या संग्रहाचे संकलन परंपरेने सातवाहन राजा हाल याच्याकडे दिले जाते. मराठीच्या प्राचीनतेची मांडणी करताना या ग्रंथाचा आधार घेतला जातो. मराठीला अभिजात दर्जा मिळावा यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये प्रा. रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, आसामी व बंगाली या भाषांना हा दर्जा दिला. त्यांपैकी मराठी व प्राकृत या दोन्ही भाषांच्या इतिहासात प्रतिष्ठानचे स्थान आहे. अभिजात दर्जाचा विषय संस्कृती मंत्रालयाकडे असल्याने त्यावरील देखरेख परिवहन, पर्यटन व संस्कृती समितीकडे येते. विद्यापीठांतील अध्यासने व भाषासंशोधन केंद्रे यांचा प्रश्न मात्र शिक्षण मंत्रालयाशी संबंधित असून त्यासाठी वेगळी स्थायी समिती आहे.

लोककला: एकनाथांच्या भारुडांची सादरीकरणाची परंपरा आजही जिवंत आहे. लोककलावंतांसाठी असलेल्या केंद्रीय योजना, संगीत नाटक अकादमीचे उपक्रम आणि प्रादेशिक सांस्कृतिक केंद्रांचे कार्यक्रम हे संस्कृती मंत्रालयाचे विषय होत. हीच भारुडे आकाशवाणीवरून प्रसारित होतात, तेव्हा तो विषय माहिती व प्रसारण मंत्रालयाचा आणि पर्यायाने दळणवळण व माहिती तंत्रज्ञान समितीचा होतो.

पैठणी: या गावाच्या नावाने ओळखले जाणारे पैठणी वस्त्र ही कला आहे, हातमागाचा उद्योग आहे आणि भौगोलिक मानांकन लाभलेले उत्पादनही आहे. हातमाग हा वस्त्रोद्योग मंत्रालयाचा विषय असल्याने त्याची छाननी श्रम, वस्त्रोद्योग व कौशल्य विकास स्थायी समिती करते. भौगोलिक मानांकनाचा विषय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाकडे असल्यामुळे तो वाणिज्य स्थायी समितीच्या कक्षेत येतो. परिणामी, पैठणीचा विणकर ज्या कलेमुळे ओळखला जातो, त्या कलेचा प्रश्न संस्कृतीविषयक समितीसमोर सहसा येत नाही.

पुरातन वास्तू व स्थळे: संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित झालेली स्मारके संघसूचीत (नोंद ६७) आणि इतर प्राचीन स्मारके राज्यसूचीत (नोंद १२) येतात. राष्ट्रीय महत्त्वाची नसलेली पुरातत्त्वीय स्थळे समवर्ती सूचीत (नोंद ४०) आहेत. त्यामुळे एखाद्या जुन्या वास्तूबद्दल संसदीय समितीकडे दाद मागता येईल की नाही, हे त्या वास्तूच्या वयावर नव्हे, तर ती कोणत्या यादीत आहे यावर अवलंबून असते. राज्य संरक्षित स्मारकाची जबाबदारी राज्य शासनाची व त्याविषयीचा जाब विचारण्याचे स्थान विधानमंडळ हे होय. याउलट टपाल, दूरध्वनी व प्रसारण हे विषय पूर्णपणे संघसूचीत (नोंद ३१) असल्याने त्यांच्या बाबतीत हा पेच उद्भवत नाही.

मर्यादा आणि टीका

या समित्यांच्या कार्याविषयी अभ्यासकांनी व खासदारांनी वेळोवेळी काही आक्षेप नोंदवले आहेत.

शिफारशी बंधनकारक नसल्याने सरकार त्या नाकारू शकते. कारणे द्यावी लागतात, एवढेच बंधन असते. समितीला आज्ञा देण्याचा अधिकार दिल्यास मंत्र्यांची सभागृहाप्रती असलेली जबाबदारी धूसर होईल, असा याविरुद्धचा युक्तिवाद आहे.

समितीकडे जाणाऱ्या विधेयकांचे प्रमाण घटले आहे. सर्व समित्यांचा एकत्रित विचार करता चौदाव्या लोकसभेत सुमारे ६० टक्के व पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे पाठवली गेली होती. सोळाव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे पाव भागावर आले आणि सतराव्या लोकसभेत ते सुमारे १६ टक्के राहिले. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण विधेयक, २०२३ हे या संदर्भात वारंवार दिले जाणारे उदाहरण आहे. नागरिकांच्या विदासुरक्षेविषयीचा अहवाल समितीने जुलै २०२३ मध्ये बहुमताने स्वीकारला, तेव्हा विरोधी पक्षांच्या सदस्यांनी सभात्याग केला. जे विधेयक समितीकडे रीतसर पाठवलेलेच नाही त्यावर समितीने मत देऊ नये, असा त्यांचा आक्षेप होता. ऑगस्ट २०२३ मध्ये हे विधेयक संसदेत संमत झाले.

समितीची मुदत एकच वर्ष असल्याने सदस्यांना विषयाचा सखोल अभ्यास करण्यास पुरेसा अवधी मिळत नाही. संस्कृतीसारख्या विषयात, जेथे एका संस्थेचा इतिहास समजण्यास काही वर्षे लागतात, तेथे ही अडचण अधिक जाणवते.

पक्षीय मतभेदांमुळे कामकाज अडल्याचीही उदाहरणे आहेत. जुलै २०२१ मध्ये माहिती तंत्रज्ञान समितीची एक बैठक गणपूर्तीअभावी होऊ शकली नाही. सत्ताधारी पक्षाच्या सदस्यांनी उपस्थिती पुस्तकात सही करण्यास नकार दिला होता. खासगी कंपन्यांच्या प्रतिनिधींना बोलावण्यातही अडचणी येतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये नागरिकांच्या समाजमाध्यमांवरील हक्कांविषयीच्या सुनावणीस ट्विटर कंपनीचे वरिष्ठ अधिकारी प्रथम हजर झाले नव्हते. समितीने आग्रह धरल्यानंतर त्याच महिन्यात कंपनीचे प्रतिनिधी समितीसमोर आले.

कला व संस्कृती हा विषय परिवहनासारख्या मोठ्या विषयाबरोबर जोडलेला असल्याने त्याला मिळणारा वेळ अपुरा पडतो, असाही एक विचार मांडला जातो. दुसऱ्या बाजूने, वारसास्थळांपर्यंतचे रस्ते, पर्यटनाच्या सोयी आणि स्मारकांचे जतन यांचा एकत्रित विचार करणे या जोडणीमुळे शक्य होते.

नागरिकांचा सहभाग

विधेयक किंवा महत्त्वाचा विषय विचारार्थ घेतल्यावर समिती वृत्तपत्रांतून व संसदेच्या संकेतस्थळावरून निवेदने मागवते. कोणतीही व्यक्ती किंवा संस्था ठरावीक मुदतीत लेखी म्हणणे पाठवू शकते. त्यासाठी वकिलाची किंवा खासदाराच्या शिफारशीची आवश्यकता नसते. सादर झालेले अहवाल व त्यांवरील कृती अहवाल संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असतात. बहुतेक अहवाल इंग्रजी व हिंदी या भाषांत असतात.

अहवाल वाचताना मूळ शिफारस, सरकारचे उत्तर आणि त्या उत्तरावरील समितीचे मत या तीन गोष्टी एकत्र पाहणे आवश्यक असते. केवळ शिफारशीचे वृत्त वाचल्यास निर्णय झाला असा समज होण्याचा संभव असतो. स्मारकांच्या संरक्षणाच्या बाबतीत महालेखापरीक्षकांची नोंद २०१३ ची आणि समितीचा अहवाल २०२२ चा आहे. या नऊ वर्षांच्या काळात देशातील पन्नास स्मारकांचा प्रश्न सुटायचा राहिला होता. त्यांतील सव्वीस स्मारके तर कायमची गमावल्याचे निष्पन्न झाले. देखरेखीची यंत्रणा कितीही चांगली असली, तरी वेळेवर विचारलेला प्रश्न आणि त्याचा पाठपुरावा यांवरच तिचे फळ अवलंबून राहते.